रोजा, रुखसत आणि रोजची गोळी

शाबानचे शेवटचे दिवस आले की नांदगावात सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकाची कार्डे घरोघर पोचतात. कुठले कापडदुकानाने छापलेले असते, कुठले मेडिकलने, तर कुठले येत्या निवडणुकीवर डोळा ठेवून असलेल्या एखाद्या कार्यकर्त्याने. भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी हे कार्ड चिकटते आणि पुढचा महिनाभर घर त्या दोन रकान्यांवर चालते. ज्या घरात कुणी फुफ्फुसाच्या कर्करोगावरची गोळी घेत असेल, तिथे त्या गोळीची वेळ मात्र या कार्डावर नसते. गोळीची स्ट्रिप रिपोर्टांच्या फाईलबरोबर कपाटात असते आणि चंद्र दिसला की तिची वेळ कुणाला न विचारता सरकते. सकाळी नऊची गोळी सहेरीला जाते, नाहीतर इफ्तारला, नाहीतर 'ईदनंतर बघू' म्हणून राहूनच जाते. डॉक्टरला फोन केलेला नसतो, कारण डॉक्टर मुंबईला आहेत आणि रोजा हा घरातला मामला आहे, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

या गृहीतकाबद्दल रमजानमध्येच बोलायला हवे.

आधी ही गोळी काय आहे ते पाहू. पेशीच्या पृष्ठभागावर 'वाढ' असा हुकूम आत पोचवणारे एक प्रथिन असते, त्याला ईजीएफआर म्हणतात. काही रुग्णांच्या गाठीत त्याच्या जनुकात बिघाड होतो आणि हुकूम देणारे बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकते. पेशी वाढत सुटतात. जेफिटिनिब, अर्लोटिनिब, अफाटिनिब, ओसिमर्टिनिब ही औषधे नेमकी त्या जागी जाऊन बसतात आणि हुकूम तोडतात. दुसऱ्या एका जनुकातल्या, म्हणजे एएलकेतल्या बिघाडासाठी क्रिझोटिनिब, सेरिटिनिब, अलेक्टिनिब, लॉरलाटिनिब आहेत. अमेरिकेत जेफिटिनिबला २००३ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा ते काही रुग्णांना जादूसारखे लागू का पडते आणि बाकीच्यांना का नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते. जनुकातला तो बिघाड २००४ मध्ये सापडला आणि कोडे सुटले. म्हणून आज गोळी सुरू करण्यापूर्वी बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकाची चाचणी होते. भारतात या प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात ईजीएफआरचा बिघाड आढळतो. त्यांत कधी बिडी-सिगारेटला हात न लावलेल्या बायकांचे प्रमाण बरेच असते. फुफ्फुसाचा कर्करोग झाला की 'ओढत असेल' असा शेरा मारणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

म्हणजे ही गोळी हे कर्करोगाचे पूर्ण ताकदीचे औषध आहे. सलाइनशिवाय, हॉस्पिटलच्या खाटेशिवाय, घरात पाण्याबरोबर गिळता येते म्हणून ती सौम्य आहे असा समज होतो. त्याला उत्तर आपल्याच राज्यात, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मिळालेले आहे. तिथल्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआरचा बिघाड असलेल्या ३५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास केला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नुसते जेफिटिनिब दिले, निम्म्यांना जेफिटिनिबबरोबर केमोही दिली. नुसत्या गोळीने आजार सरासरी आठ महिने आवरला गेला, दोन्ही मिळून सोळा महिने. जगभरच्या डॉक्टरांनी या निष्कर्षाची दखल घेतली. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा घरच्यांनी वाचण्यासारखा आहे. गोळी आणि केमो घेणाऱ्यांपैकी शंभरात ५१ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले. आणि ज्यांनी केमो न घेता नुसती गोळी घेतली, त्यांच्यातही शंभरात २५ जणांना झाले. हॉस्पिटलात नर्स जे पाहते ते घरी सुनेने, मुलाने, नवऱ्याने पाहायचे असते. गोळी घरी आली, तसे वॉर्डातले कामही घरी आले.

रमजानमध्ये खरी अडचण गोळीच्या अपयशाने होत नाही, तिच्या यशाने होते. केमो घेणाऱ्याचे केस गळतात, चेहरा उतरतो. शेजारी त्याच्या रोजाची चौकशी करत नाहीत. ही गोळी लागू पडलेल्या माणसाचा खोकला काही आठवड्यांत कमी होतो, वजन परत येते, केस जागच्या जागी असतात. तो आठवडी बाजारात भाजी घेताना दिसतो, जुम्म्याला पहिल्या सफेत उभा राहतो. मग कुणीतरी, बहुतेक प्रेमानेच, म्हणते, "माशाअल्लाह, आता तर ठणठणीत झालात. यंदा रोजे?" गाठ अजून छातीत आहे आणि ती रोजच्या गोळीने दाबून ठेवलेली आहे, हे विचारणाऱ्याला दिसत नाही. कधीकधी रुग्णालाही विसर पडतो. आणि ज्याला विसर पडत नाही, तो दुपारी दार लावून, भांड्याचा आवाज होऊ न देता दोन घास खातो. चोरी केल्यासारखे.

त्याने काही चोरलेले नाही. कुराणात रोजाचा हुकूम जिथे आहे, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आहेत. फिकहच्या भाषेत या सवलतीला रुखसत म्हणतात. ती कुणा मौलवीच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. रोजाने आजार वाढेल किंवा बरे व्हायला उशीर होईल, असे जाणकार आणि भरवशाच्या डॉक्टराचे मत असेल तर रोजा सोडता येतो. पुढे तब्येत सुधारली तर तेवढे रोजे कजा करायचे. सुधारण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोजामागे फिदया द्यायचा, म्हणजे एका गरजूचे जेवण. हनफी घरांत तो सदका-ए-फित्राइतका धरतात. परळला तपासणीसाठी जाणाऱ्या नांदगावकराला तर दुहेरी सवलत आहे. तो मरीज आहे आणि अडीचशे किलोमीटरहून लांब निघाला आहे म्हणून मुसाफिरही आहे. तरीही मनमाडहून सुटणाऱ्या पहाटेच्या पंचवटीत रोजा धरून बसलेला, दिवसभर ओपीडीच्या रांगेत उभा राहणारा, पाण्याचा घोट न घेता रक्त देणारा रुग्ण असतोच. (रक्ताचा नमुना दिल्याने रोजा तुटत नाही, असेच हनफी उलेमा सांगतात. 'रमजान आहे' म्हणून तपासणी पुढे ढकलण्याचे कारणच उरत नाही.)

सगळ्याच रुग्णांनी रोजा सोडावा, असा याचा अर्थ घेऊ नये. काहींचा आजार स्थिर असतो, गोळी दिवसातून एकदाच असते, जुलाब नसतात, मूत्रपिंड नीट असते. अशा एखाद्याला डॉक्टर परवानगी देऊ शकतात. पण ते ठरवायचे कुणी आणि कधी? ठरवायचे ते गोळी लिहून देणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाने, आणि शाबानमध्ये, पहिल्या सहेरीच्या आदल्या रात्री नव्हे. तेवढा एक फोन, किंवा शाबानमधल्या तपासणीला विचारलेला एक प्रश्न, पुढचा बराच घोळ वाचवतो.

घोळ का होतो, हे औषधागणिक वेगळे आहे. हे औषध-अन्नाचे गणित मेडिकलच्या काउंटरवरही अनेकदा कुणी सांगत नाही. ओसिमर्टिनिब दिवसातून एकदा, जेवणाआधी-नंतर कधीही चालते. जेफिटिनिबचेही तसेच. अर्लोटिनिब मात्र रिकाम्या पोटी घ्यायचे असते, जेवणाच्या निदान एक तास आधी किंवा दोन तास नंतर. रिकाम्या पोटी त्याचा साधारण साठ टक्के भाग रक्तात जातो आणि जेवणाबरोबर जवळजवळ सगळाच. म्हणजे खजूर, भजी, समोसे आणि हलीमवर अर्लोटिनिब घेतले तर गोळी तीच, पण रक्तात औषध दीडपटीच्या आसपास. मग अंगावर पुरळ आणि जुलाब वाढले की खापर भज्यांवर फुटते. इफ्तारपासून तरावीहपर्यंत आणि तरावीहनंतरही काहीबाही खाणे चालूच असते. सहेरीच्या तासभर आधी वेगळा गजर लावून कोण उठतो? रमजानच्या रात्री 'दोन तास रिकामे पोट' शोधणे ही सोपी गोष्ट नाही. अफाटिनिबलाही पोट रिकामेच लागते. अलेक्टिनिब आणि सेरिटिनिब यांचे उलट आहे, ती जेवणाबरोबरच घ्यायची. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर अलेक्टिनिब सुमारे तिप्पट शोषले जाते. सहेरीला नुसत्या चहा-खारीवर घेतले तर औषध पोटातून वाया जाते. अलेक्टिनिब दिवसातून दोनदा असते, क्रिझोटिनिबही. सहेरी आणि इफ्तार यांत तेरा-साडेतेरा तास असतात, त्यामुळे दोन वेळा जमून गेल्यासारख्या वाटतात. तरीही 'जमल्यासारखे वाटते' आणि 'डॉक्टरांनी सांगितले' यांत फरक आहे. दोन्ही डोस एकदमच इफ्तारला गिळण्याचा विचार तर मनातही आणू नये.

एखादी गोळी चुकलीच, तर? घाबरायचे कारण नाही. यांतली बहुतेक औषधे शरीरात रेंगाळतात; जेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबची पातळी निम्मी व्हायला दोन दिवसांच्या आसपास लागतात. म्हणून एका चुकीने आकाश कोसळत नाही आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊन भरपाई करायची नसते. चुकलेली गोळी सोडून द्यावी, पुढची ठरल्या वेळी घ्यावी आणि चुकल्याची नोंद कॅलेंडरवर करावी. पण तीस दिवसांत दहा-बारा चुकल्या, तर पुढच्या सीटीस्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसल्यावर डॉक्टर गोंधळतात. औषध निकामी झाले म्हणून वाढली की औषध पोटात गेलेच नाही म्हणून? आणि रुग्ण लाजेपायी खरे सांगत नाही. मग चालणारे औषध बदलले जाते. औषधांची यादी मुळात लांब नाही. त्यातले एक नाव उगाच खोडले जाते.

इफ्तारनंतर छातीत जळजळ होणे आणि मेडिकलमधून पँटोप्राझोलची स्ट्रिप आणणे, हे आता हळद-मिठाइतके घरगुती झाले आहे. जेफिटिनिब किंवा अर्लोटिनिब घेणाऱ्याने मात्र ही स्ट्रिप विचारल्याशिवाय आणू नये. ही दोन्ही औषधे विरघळायला पोटातले आम्ल लागते. आम्ल मारले की गोळी पोटात जाते पण रक्तात नीट उतरत नाही. ओसिमर्टिनिबला ही अडचण नाही. म्हणून शेजाऱ्याला चालले ते आपल्याला चालेलच असे नाही. दुसरे, गजकर्णावर सर्रास मिळणारे इट्राकोनॅझोल. ते यकृतातली औषधे निकामी करणारी यंत्रणाच मंदावते. त्याच्याबरोबर जेफिटिनिबचे रक्तातले प्रमाण शंभरावरून एकशेऐंशीवर जाऊ शकते. तिसरे, सर्दीखोकल्यावर कुणीही घेतो ते अझिथ्रोमायसिन. ओसिमर्टिनिब आणि क्रिझोटिनिब हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, अझिथ्रोमायसिनही तेच करू शकते, आणि दोन्ही एकत्र म्हणजे विषाची परीक्षा.

चौथे सगळ्यात महत्त्वाचे आहे, कारण ते आपल्या भागात नेहमीचे आहे. छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा. तो रास्तही आहे, टीबी आपल्याकडे आहेच. पण त्या संशयावर कित्येक कर्करुग्णांचे महिने टीबीच्या गोळ्यांत जातात, आणि काहींना खरोखर दोन्ही आजार असतात. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन हे यकृताला इतके कामाला लावते की ओसिमर्टिनिब आणि जेफिटिनिब यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वाया जातो. रुग्ण नेमाने गोळी घेतो, एकही चुकवत नाही आणि तरी उपाशीच राहतो, असा हा प्रकार. टीबीचे औषध सुरू असेल, नुकतेच संपले असेल किंवा सुरू होणार असेल, तर ते कर्करोगतज्ज्ञाला सांगितलेच पाहिजे. दोन्ही डॉक्टर वेगवेगळ्या गावांत बसतात आणि दोघांना जोडणारी फाईल रुग्णाच्या हातात असते. ती रुग्णाने उघडायची.

नाशिक जिल्ह्यात एक गमतीची गैरसमजूतही होते. गोळीच्या माहितीपत्रकात 'ग्रेपफ्रूट टाळा' असे लिहिलेले असते आणि मुलगा ते वाचून घरात द्राक्षे बंद करतो. ग्रेपफ्रूट हे द्राक्ष नाही. ते मोसंबीच्या जातीचे मोठे, कडसर फळ. आपल्याकडचे पपनस त्याच्या जवळचे, तेव्हा तेही टाळलेले बरे. निफाडची, दिंडोरीची द्राक्षे इफ्तारच्या ताटात खुशाल ठेवावीत.

काढ्यांचे आणि चूर्णांचे असे हसण्यावारी नेता येत नाही. कलौंजी आणि मध घरात असतो, श्रद्धेने असतो; जेवणातल्या चिमटीभर कलौंजीची कुणी चिंता करू नये. पण मूठमूठ खाणे, तिचे तेल चमच्याने पिणे, कुणी सांगितलेले खमीरे आणि भस्मे, गुळवेलीचे काढे, हे वेगळे. गुळवेलीच्या काढ्यांनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, वाद झाला. वादाचा निकाल काही लागो, ज्याच्या यकृतावर आधीच कर्करोगाच्या गोळीचा भार आहे त्याने त्या वादात आपले यकृत घालू नये. हकीमसाहेबांकडे जायचे तर गोळीचे नाव लिहून न्यावे, आणि टाटाच्या डॉक्टरला हकीमसाहेबांच्या पुडीचे नाव सांगावे. डॉक्टर रागावतील ही भीती आहे खरी. पण लपवलेल्या पुडीने यकृत बिघडले तर डॉक्टर दोष गोळीलाच देणार.

आता रोजच्या पाहणीचे. जुलाब हा या गोळीचा नेहमीचा त्रास. एरवी माणूस पाणी, ओआरएस, ताक पिऊन भरपाई करतो आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली जुलाबाची गोळी घेतो. रोजात हे चारही दरवाजे मगरिबपर्यंत बंद. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पाच-सहा जुलाब झालेल्या अंगाने इफ्तारपर्यंत थांबणे म्हणजे मूत्रपिंडाशी जुगार. लघवी कमी आणि गडद होणे, उठताना चक्कर येणे, ही लक्षणे दिसली की रोजा सोडायचा, वाट पाहायची नाही. आणि मनमाड-नांदगावकडे नळाला पाणी किती दिवसांनी येते हे कुणाला सांगायला नको. साठवलेल्या पिंपातल्या पाण्यात ओआरएस करण्याआधी ते उकळून घ्यावे. जुलाब गोळीचे की पाण्याचे, हा नवा गोंधळ तरी टळेल.

चेहऱ्यावर, नाकाभोवती, छातीवर मुरुमांसारखे पुरळ येते. नखांच्या कडा सुजतात, कातडी कोरडी पडून चिरते. ही ॲलर्जी आहे असे समजून गोळी परस्पर बंद करणारे बरेच असतात. पुरळ औषध काम करत असल्याचाच भाग असतो आणि त्यावर उपाय असतात. वजूच्या बाबतीत मात्र थोडे जपायला हवे. पाच वेळचा वजू कोमट पाण्याने करावा, खरखरीत टॉवेलने घासू नये, लगेच व्हॅसलीन लावावे. जखमा चिघळल्या असतील तर तयम्मुमची रुखसत आहेच. चांदरातीला मेंदी लावायची तर बाजारातली काळी मेंदी या चिरलेल्या बोटांना लावू नये. तिच्यातल्या रसायनाने धडधाकट हातांवरही फोड येतात.

आणि एक लक्षण असे आहे की त्यासाठी रात्री दोनलाही उठून दवाखाना गाठावा. अचानक वाढलेली धाप, नवा कोरडा खोकला, ताप. ही औषधे क्वचित फुफ्फुसालाच सूज आणतात. जपानमध्ये २००२ साली जेफिटिनिब बाजारात आले आणि त्यानंतर अशा सुजेने रुग्ण दगावले, तेव्हा जगाला या धोक्याची खरी ओळख झाली. रमजानमध्ये धाप लागली की घरचे म्हणतात, रोजामुळे अशक्तपणा आला. तरावीहमध्ये दम लागला, वय झाले. असे म्हणण्यात दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढेच दिवस महत्त्वाचे असतात. पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरशी बोलावे. ते बहुधा ती लगेच थांबवायला सांगतील.

घरात गोळी ठेवण्याचेही शहाणपण आहे, पण ते थोडक्यात. मूळ स्ट्रिपमध्येच, उन्हापासून आणि चुलीपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर. स्कूटरच्या डिकीत तर नाहीच. फोडू नये, कुटून दुधात घालू नये. गिळता येत नसेल तर जेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिब पाण्यात विरघळवण्याची रीत आहे, ती डॉक्टरकडून शिकावी. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

हे सगळे मुसलमान घरांपुरतेच आहे असे समजून ज्यांनी पान उलटायचे ठरवले असेल त्यांनी जरा थांबावे. एकादशीला साबुदाणा आणि वेफर्स, नवरात्रात नऊ दिवस फक्त फळे, श्रावणी सोमवारी संध्याकाळपर्यंत काही नाही. अर्लोटिनिबला आणि अलेक्टिनिबला हे सारे तितकेच कळते. नांदगावच्या जैन घरांत पर्युषणात अठाई करणारे आहेत. आठ दिवस फक्त उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. तिथे रात्रीच्या गोळीचा प्रश्न रोजापेक्षाही अवघड होतो. प्रत्येक धर्माने आजाऱ्याला वाट ठेवली आहे आणि प्रत्येक घरात ती वाट बंद करणारे कुणीतरी प्रेमळ माणूस आहे. आजारी माणसापुढे त्याचा उपवास काढणे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी बंद केले, तरी निम्मे काम झाले. पेशइमाम साहेबांनी शाबानच्या शेवटच्या जुम्म्याच्या बयानात पाच मिनिटे यावर दिली तर उरलेल्यातले बरेच होईल. लोक डॉक्टरचे ऐकत नाहीत तितके मिंबरचे ऐकतात, हे सत्य डॉक्टरांनीही मान्य करावे.

एक गोष्ट अशी आहे की ती रोजाची नाही, पण रमजानमध्येच सुटू शकते. गोळ्या चुकण्याचे दुसरे मोठे कारण पैसा आहे. महिन्याची स्ट्रिप दोन महिने पुरवायची म्हणून आड दिवस गोळी घेणारे रुग्ण असतात. ते हे डॉक्टरला सांगत नाहीत आणि बायकोलाही सांगतातच असे नाही. औषधे स्वस्त झाली आहेत, हे खरे. अर्लोटिनिबची एक गोळी रोश कंपनी ४,८०० रुपयांना विकत होती तेव्हा सिप्लाने तीच १,६०० ला आणली. खटला झाला आणि २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रुग्णांचे हित पाहून सिप्लाला रोखायला नकार दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर आणला, तेव्हा एका कंपनीच्या अर्लोटिनिबची छापील किंमत ९,९९९ वरून ८९१ रुपयांवर आली. एवढी मोठी घसरण आधीच्या नफ्याबद्दल बरेच काही सांगते. ओसिमर्टिनिबवरची आयातजकात जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाली, तरी ते अजून हातावर पोट असलेल्या घराच्या आवाक्यात नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारावे. परळला जाण्यासाठी रेल्वेची कर्करुग्णांची सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते. फॉर्मवर डॉक्टरची सही लागते, एवढेच.

तरीही तूट उरते, आणि नांदगाव, मनमाड, मालेगाव पट्ट्यात रमजानमध्ये जी जकात निघते तिच्यातून अशा गोळ्या घेता येतील. जकात पात्र माणसाच्या मालकीची व्हायला हवी, ही अट आहे. रुग्ण गरीब असेल तर त्याच्या हातात गोळ्या दिल्या की ती पुरी होते. साड्या आणि धान्याच्या पिशव्या वाटणाऱ्यांनी त्यांतली काही रक्कम बाजूला काढून, नाव न पुकारता, फोटो न काढता, एखाद्या घराच्या दोन-तीन महिन्यांच्या स्ट्रिपा घेऊन द्याव्यात. मेडिकलचे पक्के बिल आणि बॅच नंबर पाहून. आणि सत्ताविसाव्या रात्रीची वाट पाहू नये. जकात शेवटच्या दहा दिवसांत द्यायची आपली पद्धत आहे, पण त्या घरातली स्ट्रिप कदाचित आठव्या रोजालाच संपते.